कात्रीच्या तालावरची कादंबरी

पडदा वर जातो. अरुंद गल्ली, सकाळची वेळ. डाव्या हाताला एका दुकानाचं अर्धवट उघडलेलं शटर. आत कोपऱ्यात पारा उडालेला आरसा आणि त्याच्यासमोर एक फिरती खुर्ची. खुर्चीत गिऱ्हाईक नाही, खुद्द मालक बसलेत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात जाडजूड पुस्तक. बाहेर कुणी शटर वाजवतं. "थांबा हो, तीन भाऊ भांडतायत," आतून उत्तर येतं. बाहेरचा माणूस मुकाट्याने थांबतो.

हा आमचा सलूनवाला. त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण ते कुणी वाचत नाही. गल्ली त्याला 'पुढेकाय' म्हणते, कारण त्याच्या खुर्चीतून उठणारा प्रत्येक माणूस पायरी उतरताना हेच विचारतो.

त्याची वाचायची रीत ठरलेली होती. शटर पूर्ण उघडण्याआधी एकच प्रकरण वाचायचं. मग पुस्तक मिटून आरशामागे. "उघडं पुस्तक समोर असलं की डोकं आळशी होतं, महाराज," तो मला सांगायचा. मी उभी हयात राजांच्या भूमिकांत घालवली, म्हणून गल्लीला मी महाराज. तो ओळींखाली रेघा मारत नसे, टिपणं काढत नसे. सकाळी वाचलेलं प्रकरण दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत बसे. पहिल्याला ते कच्चं मिळे. तो हटकून काहीतरी आडवं विचारी, "अहो, बायको माहेरी गेली होती ना? मग दार कुणी उघडलं?"

पुढेकायची कात्री थांबे. गिऱ्हाईक गेलं रे गेलं की पुस्तक आरशामागून बाहेर, हवं तेवढंच पान चाळून परत आत. दुपारपर्यंत दार उघडणारा सापडलेला असे. संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला तेच प्रकरण इतकं घोटलेलं मिळे की वाटावं, हा माणूस त्या घरात भाड्याने राहून आलाय. आम्ही नाटकवाले तालमीत दुसरं काय करत होतो?

जुनं पुस्तक विचारलं, तर त्याला आधी डोकं आठवे आणि मग गोष्ट.

"तो खून ना? तो पोस्टमनदादांच्या उजव्या कल्ल्यावर झाला. डावा कल्ला संपेपर्यंत पोलीस आले होते."

"आणि शेवट?"

"शेवट हेडमास्तरांना सांगितला. तिथेच जरा गोंधळ आहे बघा. त्यांच्या डोक्यावर कात्री चालवायला केसच कुठे आहेत!"

त्याला अक्षरओळख करून दिली थोरल्या बहिणीने, याच दुकानात. वडील केस कापत आणि खाली जुनी वर्तमानपत्रं पसरलेली असत. ताई पडलेले केस बोटाने बाजूला सारी आणि खालचं अक्षर दाखवून विचारी, "हे कोणतं?" पोरगं अक्षर ओळखी. वर वडिलांची कात्री चालूच. पुढेकायचं सगळं शिक्षण हे एवढंच.

म्हातारपणी ताईची नजर गेली. वाचनालयात दर शनिवारी दुपारी दृष्टी गेलेल्यांसाठी पुस्तक सांगण्याचा एक तास असे, तिथे ती जाऊ लागली. पुस्तक सांगणाऱ्या बाई मुलाकडे कायमच्या राहायला गेल्या आणि ग्रंथपालबाईंनी साफ सांगितलं की येत्या शनिवारी कुणी सांगणारं मिळालं तर ठीक, नाहीतर तास बंद. ती खोली संगणकाच्या वर्गाला हवी होती.

"घरी सांगतो की मी तुला," पुढेकाय म्हणाला. ताई दुकानात आली होती आणि मी तेव्हा खुर्चीतच होतो.

"घरी तू सांगतोस, मी ऐकते, संपलं. तिथे आम्ही सगळ्या मिळून भांडतो. मागच्या वेळी एकीने नायिकेला मूर्ख म्हटलं, तर दुसरी तिच्याशी आठवडाभर बोलली नाही. ती मजा घरी कुठून आणशील?" मग तिने चाचपडत त्याचा हात धरला. "तू जाशील का रे?"

"मी? वाचनालयात?"

"तू. पण नीटनेटका जा. शिकल्यासवरल्या माणसासारखा हात बांधून उभा राहा. हातवारे नकोत."

शनिवार उजाडला. घड्याळं दुरुस्त करणारे तीन भाऊ, गावातलं मनोऱ्याचं घड्याळ आणि बाप गेला त्या दिवशी त्या घड्याळातून गायब झालेलं एक चाक, अशी ती कादंबरी. सबंध महिना आमच्या गल्लीच्या डोक्यांवर तिचा खेळ चालला होता. पुढेकायला ती मुखोद्गत होती. खोली भरलेली. पहिल्या रांगेत ताई, काठी गुडघ्यांत धरून. ग्रंथपालबाई दाराशी. मागे भिंतीला टेकून मी.

पुढेकाय इस्त्रीचा सदरा घालून मधोमध उभा राहिला. हात छातीशी बांधलेले.

"एका गावात तीन भाऊ होते," तो म्हणाला.

आणि थांबला.

अशी शांतता मी ओळखतो. रंगमंचावर ती पायाच्या अंगठ्यापासून वर चढते. त्याच्या कपाळावर घाम आला. "तीन भाऊ," तो पुन्हा म्हणाला. मागे खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खोकलं. ग्रंथपालबाईंनी मान खाली घातली. शनिवारचा तास माझ्या डोळ्यांदेखत बंद होत होता.

तेवढ्यात ताईचा आवाज आला. "अरे, तुझी कात्री कुठाय?"

"खिशात आहे."

"खिशात काय करतेय ती? मघापासून मला काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय. कात्रीच वाजत नाही. आधी तिचा आवाज, मग तुझा. माझंच चुकलं, मी तुला हात बांधायला लावले. सोड ते हात!"

"पण ताई, डोकं कुणाचं घेऊ?"

इथे माझा प्रवेश. नाटक सुटलं तरी मी केस सोडले नव्हते. खांद्यावर रुळणारे पांढरेशुभ्र केस आणि राजाला शोभेलशी मिशी. पुढेकायला इतकी वर्षं माझ्याकडून एकच हुकूम होता, "टोकं सारखी कर, बाकी हात लावशील तर खबरदार." मी भिंतीपासून निघालो, रिकामी खुर्ची ओढली आणि त्याच्याकडे पाठ करून बसलो. ग्रंथपालबाईंनी टेबलावरचं कापड काढून माझ्या गळ्याभोवती गुंडाळलं.

"महाराज, खरंच?"

"तीन भाऊ होते ना? मग चालव की!"

कात्री वाजली, आणि भाऊ बोलू लागले. थोरला माझ्या मानेवर ओरडला. मधल्याने डाव्या कानामागे ते चाक शोधलं. धाकटा घर सोडून निघाला तेव्हा माझी एक भलीमोठी बट मांडीवर पडली आणि दुसऱ्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. "धाकट्यानेच चोरलंय ते!" एक आजी कडाडल्या. "काही बोलू नका, त्याचा काय संबंध?" शेजारणीने त्यांना गप्प केलं. ताई खुर्चीत पुढे सरकून हसत होती. तास संपला तरी कुणी उठेना.

मग कात्री एकाएकी थांबली.

"पुढे काय?" सगळी खोली ओरडली.

ग्रंथपालबाई पुढे आल्या. "पुढचं पुढच्या शनिवारी सांगा ना. आणि त्याच्या पुढच्याही. तास आता तुमचाच."

पुढेकायने त्यांना हात जोडले, पण त्याचं लक्ष माझ्याकडे होतं. माझ्या डोक्यावरून गार वारा जात होता. तो वळसा घेऊन माझ्यासमोर आला, चष्मा वर ढकलला आणि मला नीट न्याहाळलं.

"शनिवारी येईनच, बाई, पण धाकट्याला असा रस्त्यात सोडून मी जायचा नाही. महाराज, केस संपले आणि दोन प्रकरणं उरलीत. हनुवटी वर करा, मिशी घेतो."