येताना पिंजण घेऊन या

अमरावतीतल्या सरांच्या बंगल्याचं फाटक उघडलं तेव्हा अंगणात जुन्या गाद्यांचा ढीग आधीच काढून ठेवलेला होता. अब्बांच्या खांद्यावर पिंजण, कापूस पिंजायचं लाकडी धनुष्य. माझ्या डोक्यावर नवी गादी, लाल फुलाफुलांच्या खोळीची. ती आम्ही सरांना भेट द्यायला आणली होती. हिवरखेडहून एसटीनं अकोला, अकोल्याहून रेल्वेनं बडनेरा, तिथून ऑटो. गादी घेऊन प्रवास करणाऱ्या माणसाला सगळे शिव्या देतात. त्या खात आम्ही आलो होतो.

सर व्हरांड्यात आले. म्हणाले, "आलात का? बरं झालं. ती नवी तिकडं कोपऱ्यात ठेवा, गडी उचलून नेईल. आणि आता आलाच आहात तर एवढ्या जुन्या पिंजून द्या. हल्ली माणूसच मिळत नाही बघा या कामाला."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. नुसता प्रश्न होता. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि ते अंगणात बसले.

पिंजण आणायचा निरोप सरांचाच होता. अब्बा भेटायला येताहेत असं मी सांगितलं तेव्हा ते फोनवर म्हणाले होते, "वा! येताना त्यांना पिंजण घेऊन यायला सांगा." मला वाटलं, पाहायची असेल. फोटो काढायचा असेल. अब्बांना तर केवढा आनंद! आता कामाला यंत्र आहे, पिंजण वर्षानुवर्षं खुंटीला टांगलेली. ती उतरवून त्यांनी तिला तेलपाणी केलं, धनुष्याला नवी तात, आतड्याची दोरी, चढवली. "साहेबाले आवाज आयकवतो," म्हणाले. आमच्यासारखी माणसंच असा गैरसमज करून घेऊ शकतात. बोलावलं म्हटलं की आम्हाला पाहुणे म्हणूनच बोलावलं असं वाटतं.

दिवाणखान्यात सरांचे मित्र बसले होते. कुणी प्राध्यापक, कुणी वकील. रविवारच्या लेखाची तारीफ चालली होती. मी अब्बांजवळ उभा होतो, खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"सर, पिंजाऱ्यांवरचा लेख म्हणजे कळस! किती आतून लिहिलंय!"

"निरीक्षण असावं लागतं," सर म्हणाले.

बाहेर पिंजण वाजत होती. जुना, कोंदट, पिवळा पडलेला कापूस हवेत उडत होता. अब्बांच्या भुवयांवर, दाढीवर बसत होता. मग आतून कुणीतरी म्हणालं, "खिडकी लावा हो जरा, धूळ येते." खिडकी लागली.

तो लेख मी लिहिला होता.

तो आणि त्याच्या आधीचे सगळे. दर रविवारचा स्तंभ. वर सरांचा फोटो, खाली सरांचं नाव, मध्ये मी.

मी अर्थशास्त्राचा माणूस. हिवरखेडच्या मराठी शाळेत शिकलो, पुढे तेल्हाऱ्याला, मग अकोल्याला. पीएचडी कापसाच्या बाजारावर. त्यात नवल काही नाही, बापानं आयुष्यभर कापूसच उडवला. अमरावतीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर लागलो. म्हणजे शिकवायचं सगळ्यांसारखंच, पण स्टाफरूममधल्या खुर्चीवर बसताना आधी इकडंतिकडं पाहायचं. सर आमचे विभागप्रमुख. त्यांचं घराणं पिढ्यान्पिढ्या ओलिताच्या जमिनीचं. बोलणं गोड. कोणाला कधी अरेतुरे नाही.

पहिला लेख मी माझ्याच नावानं पाठवला होता. वऱ्हाड कापूस विकतो आणि त्याच कापसाचा सदरा विकत घेतो, मधली कमाई कुठं जाते, असा विषय. पेपरवाल्यांचा फोन आला. "लेख उत्तम आहे. पण या विषयाला जरा वजनदार नाव लागतं." मी ते सरांना सांगितलं. सर हळहळले. पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "माझ्या नावानं जाऊ द्या. विचार लोकांपर्यंत गेला पाहिजे. नाव काय, कोणाचंही असो."

मला ते पटलं होतं. खरंच पटलं होतं. नाव कोणाचंही असो असं म्हणणाऱ्याचं नाव फाटकावर, गाडीवर, स्तंभावर, सगळीकडे असतं हे माझ्या ध्यानात आलं नाही. शिवाय कायम नेमणुकीचं गाजर होतं. ते दिसतं रोज, लागत नाही हाताला.

स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नसे. असं चालतंच. कोणी साहेबांचं भाषण लिहितं, कोणी साहेबांच्या मुलीचा प्रबंध लिहितं. त्याला आमच्याकडे सेवा म्हणतात.

मग पिंजाऱ्यांवरचा लेख आला. त्यात मी अब्बांचं एक वाक्य घातलं. घरी आम्ही उर्दू-हिंदी बोलतो, पण कापसाची गोष्ट निघाली की अब्बा वऱ्हाडीत शिरतात. धंदा त्या भाषेत केला ना. ते नेहमी म्हणायचे, "कापूस आपला, मेहनत आपली, अन् भाव सांगनारा तिसराच." ते जसंच्या तसं लिहिलं.

हिवरखेडच्या चहाच्या हॉटेलात एक गुरुजी रविवारी पेपर मोठ्यानं वाचतात. अब्बांना मराठी वाचता येत नाही, ते ऐकतात. दुपारी त्यांचा फोन आला.

"बेटा, तुया सरानं माया मनातलं लिवलं रे. माई गोष्ट त्याईले कोनं सांगतली?"

मी म्हणालो, "ते मोठे आहेत अब्बा. त्यांना कळतं."

"लय मोठा मानूस," ते म्हणाले. "आपल्यासारख्यावर कोन लिवते?"  आणि त्यांनी ठरवलं की या माणसाला आपल्या हातची गादी द्यायची. देशी कापूस शोधून आणला. स्वतः भरली, स्वतः टाके घातले.

ती गादी आता कोपऱ्यात पडली होती, बुटांच्या कपाटाजवळ.

ऊन कलायला आलं तेव्हा काम झालं. मजुरीचं कोणी विचारलं नाही. अब्बांनीही काढलं नाही. त्यांनी तोंड धुतलं, पिंजण खांद्यावर घेतली. सर फाटकापर्यंत आले. एवढा मान नेहमीच देतात.

"फार छान काम केलंत हो," ते अब्बांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "रविवारचं लक्षात आहे ना? सरकीच्या ढेपेवर करा या वेळी. परवापर्यंत द्या म्हणजे मला एकदा नजर टाकता येईल."

अब्बा माझ्याकडे पाहायला लागले. "द्या म्हंजे? तू लिवतं?"

सर हसले. मी हसलो नाही. इतकी वर्षं हसत होतो, त्या दिवशी जमलं नाही. मला फार थकल्यासारखं वाटत होतं. कापूस अब्बांनी उडवला होता, पण दम मला लागला होता.

"सर," मी म्हणालो, "आता मी लिहिणार नाही."

"का? बरं वाटत नाही का?"

"माझं नाव घालत असाल तर लिहितो. नाहीतर नाही."

 सरांची ती घासूनपुसून ठेवलेली भाषा गेली.

"तुयं नाव? ढेपेवरच्या लेखाले तुयं नाव? अन् तो वाचनार कोन?"

"कोणी नाही वाचलं तरी."

"जूनमदी तास वाटाचे हायेत," ते म्हणाले. "तेवढं ध्यानात ठेव."

अरेतुरे. पहिल्यांदा. मला जवळजवळ बरं वाटलं. निदान आता दोघांनाही माहीत होतं की आपण कोण कुठं उभे आहोत.

बडनेऱ्याच्या फलाटावर अब्बा पिंजण मांडीवर घेऊन बसले. दाढीतला कापूस तसाच होता. गाडी आली, जागा मिळाली, गाडी सुटली.

"तो लेख तुया होता?"

"हो."

"सारेच?"

"सारेच."

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मूर्तिजापूर गेलं. मग म्हणाले, "मंग त्याईले गादी काहून देल्ली आपन?"

 

जूनमध्ये तास मिळाले नाहीत. बातमी पसरायला वेळ लागत नाही, दुसऱ्या कॉलेजांतही जागा नसल्याचं कळलं. आता बडनेऱ्यात एका शिकवणीत बारावीच्या पोरांना मागणीपुरवठा शिकवतो. वर पत्रा आहे. उन्हाळ्यात पोरं झोपतात, मी उठवत नाही.

सरांच्या लेखांचं पुस्तक निघालं. मोठा समारंभ झाला. मनोगतात माझं नाव आहे. टंकलेखनाच्या साहाय्याबद्दल आभार. म्हणजे नाव छापायला काही हरकत नव्हती. कशासाठी छापायचं एवढाच प्रश्न होता.

मी लिहितो. दर आठवड्याला लिहितो आणि पेपरला पाठवतो. माझ्या नावानं. अजून एकही छापून आला नाही.

मागच्या आठवड्यात त्याच पेपरातून फोन आला. नवीन संपादक, तरुण, आवाज उत्साही. "सर, तुमचं मराठी किती सुंदर आहे हो! कुठं शिकलात?"

"हिवरखेडला. मराठी शाळेत."

"नाही, म्हणजे... ईदची पुरवणी काढतोय. तुम्ही आठवणी लिहा ना. शिरखुर्मा, आईच्या हातचा, गल्लीतलं वातावरण. फोटोसकट छापू. नाव ठळक टाकू."

"कापसाच्या आयातीवरचा लेख पाठवलाय. वाचला?"

"वाचला. चांगला आहे. पण त्याला कसं, जरा तज्ज्ञ लागतो."

"मी तज्ज्ञच आहे."

 तिकडं तोच उत्साह. "मग ईदचं कधी देताय?"

खोटं कशाला बोलू, मोह झाला. फोटोसकट नाव. हॉटेलात गुरुजी ते मोठ्यानं वाचतील. अब्बा ऐकतील. एवढ्यासाठीच तर भांडलो होतो, असं मनात आलंही. मग वाटलं, नाही. आधी माझा विचार घेतला आणि नाव ठेवून दिलं. आता नाव घेतील आणि विचार ठेवून देतील. अर्धा माणूस मी कुणालाच देणार नाही.

"नाही," मी म्हणालो. "शिरखुर्मा आमच्या घरी होतो. कोणीही या, खा. पण लिहीन ते आयातीवर, भावावर, मजुरीवर."

"विचार करा सर. संधी आहे."

"केला."

फोन ठेवला आणि तोच लेख त्यांना पुन्हा पाठवला. खाली पूर्ण नाव: आधी माझं, मध्ये बापाचं, शेवटी आडनाव. काही गाळलं नाही. वर एक ओळ लिहिली: यातलं नाव काढायचं असेल तर लेखही छापू नका.

छापणार नाहीत. मला माहीत आहे. पुढच्या आठवड्यात दुसरा पाठवतोय.