शेठच्या होडीतला लाल दिवा

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर एका दसऱ्याला दोन तास होडीच्या पोटात डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत होता. तो मी.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. होडी मामांच्या शेठची. शिडाची, पांढरीशुभ्र, आणि वारा पडला तर घरी येता यावं म्हणून पोटात लहानसं डिझेल इंजिन. मामांचा कापडाचा लूम बंद पडल्यावर शेठनी त्यांना होडीवर ठेवलं, कारण मामा खानदेशात तापीकाठीच वाढलेले आणि सुरतेतही नदी तीच! पण नोकरी कच्ची होती. "दसऱ्याला चार वाजता पाहुणे आणतो. फेरी नीट झाली तर तू कायम," असं शेठनी बजावलं होतं.

माझी मामी सुरतेच्या लिंबायत वस्तीतल्या आमच्या खोलीत जरीच्या फिरक्या भरायची. त्या फिरक्यांवर माझ्या कॉलेजची फी निघाली आणि मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. त्यामुळे घरात काहीही बिघडलं की मला बोलावणं यायचं. (स्टोव्ह, पंखा, एकदा शेजाऱ्यांची म्हैस. म्हैस आपोआप बरी झाली. श्रेय मला मिळालं.)

दसरा म्हणजे यंत्रांची पूजा. मामांनी इंजिनाला कुंकू लावलं, नारळ फोडला. मामीने झेंडूचा हार आणला होता. शेठच्या इंजिनाला साधा दोरा कसा चालेल, म्हणून खास जरीत ओवलेला!

"भाऊ, हार कुठे अडकवू?" तिने मला विचारलं.

मी पदवीधराला शोभेल अशी पाहणी केली. इंजिनाच्या कुशीतून खुंटीसारखा एक पितळी खिळा बाहेर आला होता. त्याला एक वायर होती.

"इथं, मामी! देवानेच खुंटी दिलीय."

मामांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. समोरच्या फळीवरचा लाल दिवा इंजिन सुरू होताच विझायचा. तो विझेना! वर भोंगा सुरू: पींऽऽऽ!

मामांनी घाईघाईने इंजिन बंद केलं. "सकाळी तर विझत होता रे! तेलाला दाब नसला की लागतो हा. असंच चालवलं तर इंजिन जाम, आणि मी परत लिंबायतला घरी!"

"भाऊ, तू शिकेल शे ना!" मामी म्हणाली. "देख ना जरा!"

मी देखलं. आधी तेल मोजायची कांडी काढली. तेल भरपूर होतं. कांडी पुसून पुन्हा काढली. तेल तेवढंच होतं. तिसऱ्यांदा काढायला लागलो, तेव्हा मामा म्हणाले, "ते वाढत नाही रे असं!"

मग इंजिनाचं इंग्रजी पुस्तक उघडलं. त्यावरून कळलं, की माझी ती खुंटी म्हणजे ऑइल प्रेशर सेन्सर. तेलाचा दाब ओळखून दिव्याला कळवणारी अंगठ्याएवढी वस्तू. वायर काढून बघा, दिवा विझला तर वायर ठीक, असं पुस्तकात होतं. देवाचा हार खाली कसा ठेवायचा, म्हणून मी तो गळ्यात घातला आणि वायर काढली. दिवा विझला!

"वायर ठीक! आता सेन्सर काढून दाब बघू. मामा, इंजिन नुसतं घरघरवा!"

मामांनी घरघरवलं. भोकातून तेलाची चिळकांडी उडाली, ती थेट माझ्या तोंडावर आणि दसऱ्याच्या नव्या सदऱ्यावर.

"दाब आहे!" मी विजयाने ओरडलो.

"तो दिसतोय," मामा म्हणाले.

म्हणजे गुन्हेगार सेन्सरच! मी तशाच अवतारात रिक्षा करून ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. (रिक्षावाल्याने सीटवर आधी वर्तमानपत्र अंथरलं.) नवा सेन्सर आणला, बसवला, वायर जोडली, हार भक्तिभावाने जागेवर अडकवला, नमस्कार केला. मामांनी चावी फिरवली.

पींऽऽऽ!

पुन्हा हार गळ्यात, पुन्हा सगळं खोललं, आवळलं. पुन्हा हार, पुन्हा नमस्कार, पुन्हा पींऽऽऽ! मामा मटकन खाली बसले. मी तिसऱ्यांदा हार गळ्यात घालून आत शिरलो, वायरसकट सगळं पुन्हा जोडून आवळलं, आणि एवढ्यात वरून आवाज आला, "केम भाई, बधुं बराबर?"

शेठ! सोबत पाहुणे! चाराला पाच कमी!

मी कबुली द्यायला वर आलो. तोंड काळं, सदरा काळा, गळ्यात झेंडू. "शेठ, यात मामांचा काही दोष नाही, मीच..."

मामांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. दिवा विझला.

मामी माझ्याकडे वळली. "काय रे, देवना हार तू काय घालीसन फिरस? इंजिनले घाल!" तिने हार ओढून घेतला आणि खुंटीला अडकवला.

पींऽऽऽ!

तिने हार काढला. शांत. घातला. पींऽऽऽ! काढला. शांत.

"याले मना हार आवडस नही," मामी दुखावून म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात दिवा लागला. जरी म्हणजे दोऱ्यावर गुंडाळलेली तांब्याची तार! दाब आला की सेन्सर दिव्याची वीज तोडायचा, पण ती हारातूनच इंजिनाच्या लोखंडात उतरत होती, म्हणून दिवा विझत नव्हता. बिचारा सेन्सर, जुना काय आणि नवा काय, दोघेही निर्दोष. मी तेलकट बोट वर करून हे सगळं पाहुण्यांना समजावून सांगितलं. शेठ खूश!

"वाह! आ कोण छे?"

"भाचा माझा," मामा म्हणाले. "ग्रॅज्युएट!"

"आजथी तमे कायमी!" शेठ मामांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. मग शीड फुगलं आणि मामांनी होडी अशी काढली, की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

तांब्यातून वीज जाते, हे शिकायची माझी फी जरीनेच भरली होती. ते आठवायला मला एक सदरा आणि एक सेन्सर लागला. मामी हे कधी बोलून दाखवत नाही. आजही ती दसऱ्याला हार करते, साध्या सुती दोऱ्यात, आणि कौतुकाने विचारते, "भाऊ, यामधून वीज नही ना जात?" मी दोरा उजेडात धरून, नीट तपासून पसंती देतो.

हार कुठे अडकवायचा, हे मात्र ती मला विचारत नाही.