वहिनींच्या तेलाला लावलेला बोल

शुभांगीवहिनींचं नाव आधी घेते. रत्नागिरीत उतरले तेव्हा माझं कुणी नव्हतं. पालीजवळच्या काजूच्या कारखान्यात शेजारी बसवून काम शिकवलं त्यांनी, राहायला पडवी दिली त्यांनीच. आता पुढचं — ते मी आजवर कुणाजवळच बोललेले नाही.

मी परभणीकडची. आठवीतच शाळा सुटली. पुढे घरच्यांनी मनाविरुद्ध लग्न ठरवलं, तशी निघून आले. इथे मात्र सांगितलं — घरच्यांनीच पाठवलंय. मग रोज धास्ती. फाटकाशी कुणी उभं दिसलं की वाटायचं, मामा न्यायला आला. झोप उडाली. मानेवर खवले धरले, खाजवून रक्त यायचं. आणि एकदा वेणी घालताना बोटांना गुळगुळीत लागलं — केस गेलेली सुपारीएवढी चाई!

वहिनी जास्वंद, माका घालून खोबरेल कढवायच्या. कारखान्यातल्या बायका हौसेने विकत न्यायच्या. माझ्या डोक्याला त्या स्वतः चोळायच्या. "कसला घोर लागलाय गो तुला?" मी कामाचा विषय काढायचे.

एकदा डब्याच्या सुट्टीत ओढणी सरकली, मान आणि चाई दिसली. शेजारी जेवणारी एक बाई म्हणाली, "अगो बाय, हे काय? घरी सगळं बरं ना?" घराचा विषय निघाला की सगळंच बाहेर येणार — नाही का? म्हणून म्हणाले, "वहिनींच्या तेलाने झालं. काजूच्या चिकाचे हात न धुताच कढवतात त्या."

त्या चिकाने कातडी कशी सोलते, हे तिथे प्रत्येकीला ठाऊक. आणि वहिनी हात घासघासून धुतल्याशिवाय चुलीकडे फिरकत नाहीत, हे मला ठाऊक.

"म्हणजे काजूसारखं आमचं डोकंही सोलायला निघाल्या म्हणा की!" एक हसली. त्यानंतर तेल कुणी घेतलं नाही.

डॉक्टरांकडे मला वहिनींनीच नेलं. घाबरत विचारलं, "माझं तेल तर बाधलं नाही ना हिला?"

"तेलाने नाही हो. मनावर फार ताण आहे हिच्या."

तिथेच रडत घरचं सगळं सांगितलं. तेलाचं? तेवढं गिळलं. वहिनींनी माझ्या आईला फोन लावला, भांडल्या, लग्न मोडायला लावलं. मग झोप लागायला लागली. मान निवळली. चाईवर आधी पांढरी लव आली, मग काळे केस.

वहिनी अजून म्हणतात, "वास उग्र झाला असेल गो, म्हणून नेत नाहीत." आणि मी ऐकून घेते.

आज लिहिलं, तर छाती केवढी मोकळी झाली! भीतीने बोलले खरं, पण भीती माझी होती, भोगलं त्यांनी. वहिनी, तुमचं घालवलेलं नाव एक दिवस मीच परत आणून देईन — आधी तुम्हाला सांगून, मग त्या बायकांच्या दारोदार जाऊन.