कडूबानं उपटलेल्या सऱ्या

कडूबा माह्या पाठचा भाऊ. पन्नाशी उलटली, पण वावरात गवताची काडी दिसली तर अजून त्याचा जीव वरखाली होते. नवरा वारल्यापासून मी दुसरबीडले माहेरीच राहते, म्हणून त्याचं हे येड मलेच सोसा लागते. घरातल्या देवाच्या फोटोवर धूळ चालंन, पण रोडच्या कडेच्या वावरात एक वाकडं पान त्याले चालत नाही. येणारा-जाणारा पाहते ना!

अन् त्याच्याच रताळ्याले तीन सालापासून मुरडा लागलेला. पानं मुरडतात, वेल खुजा राहते, रताळं निघते बोटाएवढं. बेणं वेलाचंच, म्हणून औंदाचा रोग पुढच्या सालीही संगंच येते. गावात दुसरं कोणी बोलत नव्हतं. कडूबाले वाटे, हे आपल्याच घरी आलं.

मग कृषी विद्यापीठातून रेवती मॅडम आल्या. रताळ्याचं नवं वाण काढणं हेच त्यांचं काम. आमच्या लाल रताळ्याचा अन् रोगाले दाद न देणाऱ्या एका वेलाचा संकर करण्यात त्यांची सात वर्षं गेली होती. त्यातले निवडक चाळीस वेल त्यांनी जुलैत कडूबाच्या वावरात लावले. एका वेलाची एक सरी, सरीले नंबर. पानाचा टिकलीएवढा तुकडा तपासला की वेलाच्या आत रोग सोसायची खूण आहे का नाही ते कळते म्हणे. पण ती खूण खरी का खोटी, हे वावरातच पाहा लागते. म्हणून दर दोन नंबरांच्या मधात त्यांनी मुद्दाम रोगट वेलांची सरी लावली. पांढरी माशी रोग इकडून तिकडं नेईन, ज्याच्यात दम असंन तो टिकंन.

कडूबानं मान हालवली. मॅडमची गाडी गेली अन् याचं सुरू झालं. एस.टी.तले लोक खिडकीतून पाहून राह्यले, म्हणे कडूबानं वावराची काय दशा केली! दहा दिवस त्यानं कळ काढली. मी पोरीकडं खामगावले गेली, तेवढ्यात यानं रोगाच्या साऱ्या सऱ्या उपटून पेटवून दिल्या. आल्यावर मी त्याले इतकी बोलली, इतकी बोलली की माहाच घसा बसला. तो म्हणे, मॅडमले नंबराचेच फोटो पाह्यजेत, मधातलं कोण पाहते?

दीड महिना तो चाळीस नंबरांचे फोटो धाडत राह्यला. सारे हिरवेगार.

मग एका सकाळी मॅडमचा फोन आला. आवाज पार पडलेला. तपासणीत खूण सापडली होती सहाच वेलांत, अन् वावरात टिकले होते चाळीसही. म्हणजे खुणेवर भरवसा नाही. उद्या दुपारपर्यंत वरच्या साहेबांले तसं कळवायचं, मग हे काम बंद.

त्या दिवशी कडूबानं भाकरीले हात लावला नाही. मी म्हटलं, बोल बाबा खरं. तो म्हणे, अडाणी म्हणतीन, सारे वेल उचलून नेतीन. मलेही तेच भ्याव होतं, खोटं काऊन बोलू? दुसऱ्या दिवशी बारा वाजत आले तवा त्यानं फोन लावला.

"मॅडम, ते वेल दमानं टिकले असं नाही. त्याइच्याजवळ रोग आलाच नाही. रोगाच्या सऱ्या म्याच उपटल्या."

मग मॅडमनं एवढंच विचारलं, की रोगट वेल तिथं मिळतील का. आठ दिवसांत लागले तर हंगाम हातचा जाणार नव्हता. त्यांच्याजवळचे सारे याच्याच आगीत गेले होते.

कडूबाजवळ दोन सऱ्यांपुरतेही उरले नव्हते. तवा तो स्टँडावरच्या हॉटेलात गेला, जिथं सारे रताळेवाले चहाले बसतात, अन् उभ्यानंच सांगितलं, माह्या रताळ्यावर तीन साल झाले मुरडा आहे, कोणाकडं असंन तर वेल द्या. कोणी चहा फुकत राह्यलं, कोणी पैसे द्यायले उठलं. सहदेव, ज्याचं रताळं बाजारात सगळ्यात चोख म्हणून जाते, तो कपातच पाहत राह्यला. कडूबा खाली मान घालून घरी आला.

दुपारी सहदेवच सायकलवर बारदान्यात गुंडाळलेला भारा घेऊन आला. टाकला अन् सायकल वळवली. मग दुसरा आला. मग तिसरा. दिवस मावळेपर्यंत अकरा घरचे भारे अंगणात पडले, सारे मुरडलेले. मले वाटलं, आता तरी याच्या जीवाले थंडावा मिळंन. तो एकेक भारा सोडून पानं पाहत गेला.

"आक्का, गावात चांगलं बेणंच राह्यलं नाही."

सकाळी आम्ही लावायले गेलो. मॅडमनं सांगितलेल्या त्या सहा नंबरांजवळ कडूबाचा हात थांबला. यांच्याजवळही लावायचे का, म्हणे, हेही मुरडले तर गावात काय उरंन? म्या म्हटलं, लाव. त्यानं लावले.

आता रोज उजाडलं की तो त्या सहा सऱ्यांची पानं उलटून पाहते. मले हाक मारते. म्या जात नाही. माही हिंमत होत नाही.