मुठेकाठची भरती

पुण्यात समुद्र नाही, हे मला कुणी शिकवायला नको. तरीही या शहरात भरती आणली ती मी, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

माझं माहेर कोकणात, खाडीच्या तोंडाशी, भरतीचं पाणी शिरतं त्या खाजणाच्या चिखलाला लागून. लग्न होऊन घाट चढून आले, तेव्हा सासरी माझं नाव बदललं ते तांदळात लिहून. सासूबाईंच्या तोंडी बसलं ते मात्र वेगळंच: खाजणातली. भात आसट झाला, की खाजणातलीनं केला. अंगणात पाणी सांडलं, की खाजणातलीला चिखलाशिवाय करमत नाही. मी ऐकून घेई. खाजणात लाज वाटण्यासारखं काय असतं, हे मला कधी कळलंच नाही.

आमच्या घरचे श्रीमंतांच्या शिकारखान्यात कारकून होते. तिथे वाघ होता, हरणं होती, मोर होते. फक्त खाडीकाठचा, लांब वाकड्या चोचीचा कोरल पक्षी नव्हता. एकदा कारभाऱ्यांनी तशी इच्छा बोलून दाखवली आणि यांनी छाती पुढे काढून सांगितलं, की आमचे सासरे पाठवतील. वडिलांनी पाठवलाही. कोळ्यांकडून धरवला आणि करंडीत ओलं गवत घालून माणसाच्या डोक्यावर घाट चढवला. सोबत निरोप होता: पक्षी धडधाकट आहे, हा माझा शब्द.

आणि पक्षी पुण्यात आमच्या घरी येऊन खाईना! सासूबाईंनी दूधभात ठेवला, भिजवलेले हरभरे ठेवले. शिकारखान्यातल्या माणसानं मागच्या दाराबाहेर मांसाचे तुकडे टाकून पाहिले. कोरलानं कशाकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याच्या छातीचं हाड वर आलं, पापण्या जड झाल्या. शुक्रवारी त्याला कारभाऱ्यांपुढे न्यायचं होतं. तो त्याआधी मेला असता, तर यांच्या सासऱ्यांनी मरतुकडं पाखरू गळ्यात मारलं असंच सगळे म्हणाले असते, आणि पुणं एकदा म्हणालं की म्हणालं. सासूबाईंनी सुरुवात केलीच होती. माहेरची भेट माहेरासारखीच, नाक लांब आणि नखरे त्याहून लांब, म्हणाल्या.

माझं टाळकंच सरकलं. मला काय हवं ते बोला, वडिलांपर्यंत जायचं काम नाही. त्या रागातच मला माहेरचा खाडीवरचा बांध आठवला.

ओहोटी लागली, की मी वडिलांबरोबर त्या बांधावर बसे. पाणी हटलं की चिखलावर शेवयांसारखी बारीक वेटोळी दिसत. त्यांच्या खाली किडा बिळात बसलेला असे. चिखल ओला आहे तोवर तो वर असतो, सुकायला लागला की खोल जातो. म्हणून कोरल पाण्याच्या कडेकडेनं चालतो. चोच मुळापर्यंत आत घालतो आणि चाचपडतो. तिथे डोळ्यांचं काही कामच नाही. चोचीचं नुसतं टोक आतल्या आत उघडतं आणि किड्याला धरतं. मग ओढणं सुरू होतं. किडा ताणला जातो, बिळाला चिकटून बसतो, पण कोरल घाई करत नाही. वडील म्हणत, "बघ, सैल सोडत नाही आणि तोडतही नाही. संसार असा करावा."

असा पक्षी वाटीतलं जेवण ओळखणार कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुण्याचं गाठोडं घेतलं आणि त्याखाली करंडी. कार्तिक लागला होता. वर खडकवासल्याकडचा पाऊस कधीच थांबला होता, आणि मुठा मागे सरून काठाचा काळा गाळ उघडा पडला होता. गुरं पाण्यावर येत त्या जागी मी कोरलाला पायाला दोरी बांधून सोडलं. तो नुसता उभा राहिला. गाळ वरून सुकलेला, म्हणजे गांडुळं खोल गेलेली. मी पदर खोचला, घागर भरली आणि ओतली. पाणी मुरलं की पुन्हा ओतली. नदीच्या घाटावर धुणाऱ्या बायका हसायला लागल्या, चिखलाला न्हाऊ घालतेय म्हणाल्या. हसेनात का.

गाळ मऊ झाला. कोरलानं एक पाऊल टाकलं, चोच खुपसली, रिकामीच बाहेर काढली. पुन्हा खुपसली. या वेळी ती मुळापर्यंत गेली आणि मान तिथेच थांबली. मग तो सावकाश ओढू लागला. लांबच लांब गांडूळ बाहेर आलं, ते त्यानं पाण्यात खळबळलं आणि गिळलं. मी रडले. चारचौघींत मोठ्यानं रडले, आणि अभिमानानं रडले.

वळून पाहते तर मागे सासूबाई. इतका उशीर का, म्हणून बघायला आलेल्या. आमच्या घरात मुंग्यांना साखर घालतात, आणि इथे त्यांच्या डोळ्यांदेखत गांडूळ गिळलं गेलं होतं. आता ऐकून घ्यायचं नाही असं मी ठरवलं. मी म्हटलं, मी जीव मारलेला नाही, पाणी ओतलं. जेवायचं कसं, ते त्याचं त्याला कळतं.

त्या कोरलाकडे बघत राहिल्या. त्यानं दुसरं गांडूळ ओढलं, तिसरं ओढलं. तेवढ्यात घाटावरच्या एकीनं विचारलंच, की तुमची सून करतेय तरी काय. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पदर खोचला आणि माझ्या हातातली घागर घेतली.

"पाणी मी आणते," त्या म्हणाल्या. "तू दोरी धर. तुझ्या बापाचं नाव बांधलंय तिला."

शुक्रवारी कोरल कारभाऱ्यांपुढे ताठ मानेनं उभा राहिला. शिकारखान्यात त्याच्यासाठी गाळाचा वाफा झाला. रोज सकाळी त्यात घागरी ओतत, आणि माणसं एकमेकांना हाक मारून विचारत, भरती झाली का रे?

करंडी आणणारा माणूस परत कोकणात निघाला, तेव्हा वडिलांसाठी निरोप सासूबाईंनीच सांगितला. मी दाराआड उभी होते.

"म्हणावं, तुमचा शब्द खरा झाला. पक्षी श्रीमंतांना दिला. खाजणातली मात्र आम्ही कुणाला देत नाही."