तिनं अडवलेला हौद

तिचं नाव सांगत नाही. सांगितलं तर ती इथंही चुका काढायला येईल. डिझाइनच्या वर्गात ती धरून आम्हा चौघांना मिळून पाणी या विषयावर इन्स्टॉलेशन, म्हणजे मांडणशिल्प, करायचं होतं. फसलं, तर चौघंही नापास. काहीही सुचवा, ती चष्मा कपाळावर सरकवायची, वारज्यापर्यंत ऐकू जाईल असा उसासा टाकायची आणि म्हणायची, "फारच ऑब्व्हियस आहे रे हे." नदी ऑब्व्हियस, हंडा ऑब्व्हियस. शेवटी म्हणाली, "मुळात पाणीच कशाला हवंय?"

तिला न जुमानता आम्ही पारदर्शक प्लॅस्टिकचा, कमरेएवढा हौद बांधून भरला. सर मार्क द्यायला दारात आले आणि त्याच क्षणी हौदाचा सांधा सुटला. आम्ही तिघं नुसते बघत राहिलो. ती मात्र इस्त्रीच्या पांढऱ्या कुर्त्यानिशी खाली बसली, सुटलेल्या सांध्यावर पाठ गच्च दाबली आणि म्हणाली, "बसा ना, सर. हे बसूनच अनुभवायचंय."

सर बसले. ती पाण्यावर इतकं बोलली की तेवढ्यात खडकवासला धरण दोनदा भरलं असतं. हळूहळू सरांची पँट भिजली. ते डोळे मिटून म्हणाले, "वा! पाणी थेट माणसापर्यंत पोचतंय." चौघंही पास.

सर बाहेर पडले तरी ती उठेना. मला एकदम भरून आलं. मी हात पुढे केला.

"हात काय देतोस, गाढवा! बादली आण," ती दात वाजवत म्हणाली. "मी उठले तर सर जिन्यावरून वाहत जातील."