कानातला तानपुरा

दमलेल्या माणसानं परदेशात गाणं शिकायला जाऊ नये असं माझं मत आहे, आणि साठी उलटल्यावर मी नेमकं तेच केलं. जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या एका शाळेत मी पस्तीस वर्षं संगीत शिकवलं. प्रार्थना, स्वागतगीत, ॲन्युअल फंक्शन, आणि पुन्हा प्रार्थना. शाळा मिशनची होती, म्हणून तिथल्या पियानोच्या बाईंकडून इंग्रजी नोटेशन वाचायला शिकले आणि मुलींचा कॉयरही बसवत राहिले. कांचघर मोहल्ल्यातल्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. फॅक्टरीतून रिटायर व्हायला दोन वर्षं असताना त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, त्याला बारा वर्षं झाली होती. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं. लोक म्हणायचे, कमाल आहे हो तुमची. मला कमाल नको होती, झोप हवी होती.

माझी एक जुनी विद्यार्थिनी इंग्लंडात असते. तिथल्या एका लहान गावात दर उन्हाळ्यात आठ दिवसांचं निवासी शिबिर भरतं. चार-पाचशे वर्षांपूर्वीचं चर्चमधलं गाणं, लॅटिनमधलं, कुठल्याही वाद्याशिवाय. तिनं मला न विचारताच माझं रेकॉर्डिंग पाठवून दिलं आणि त्यांनी मला घेतलं. नवऱ्याचं बोलणं आजारानंतर एकेका शब्दावर आलं होतं. ते म्हणाले, "जा." नागपूरहून धाकटी नणंद त्यांच्याजवळ राहायला आली.

निघताना मी मनाशी एक ठरवलं होतं. शेवटच्या शनिवारी गावच्या चर्चमध्ये उपासना असते, तिथे शिबिरातले लोक गातात. त्यात आपल्याला उभं केलं, तर आपल्यात गाणं अजून शिल्लक आहे. नाही केलं, तर घरी येऊन पेटी कुणाला तरी देऊन टाकायची आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही.

पहिल्या संध्याकाळी मी जेवणाआधी पाच मिनिटं आडवी झाले ती सकाळीच उठले. मधे दर दोन तासांनी डोळा उघडायचा, हात शेजारी चाचपायचा आणि भिंतीला लागायचा. नाश्त्याला सगळ्यांनी विचारलं, प्रवासानं दमलात का. मी हो म्हटलं. प्रवासानं म्हणणं सोपं होतं.

तालमी एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये होत्या. आम्ही तीसएक जण. चार गट, बायकांचे दोन, पुरुषांचे दोन. मी बायकांच्या खालच्या पट्टीच्या गटात. प्रत्येक गटाची चाल वेगळी आणि सुरू व्हायची वेळही वेगळी. मी मुलींना आधी गाऊन दाखवायची आणि त्या मागून म्हणायच्या. इथे मागून म्हणायला पुढे कुणी नव्हतंच. शिकवणारे सर उंच, वाकलेले, कायम एकाच स्वेटरमधले. ते ट्यूनिंग फोर्क, म्हणजे सुराचा एक लोखंडी चिमटा, गुडघ्यावर आपटून एक सूर द्यायचे, आणि मग तुम्ही आणि तुमचं नशीब. तानपुऱ्याशिवाय गाणं म्हणजे माझ्या लेखी कठडा नसलेला जिना. दुसऱ्या दिवशी मी मोबाइलमधला तानपुरा लावला, गाण्याच्या शेवटच्या सुराला मिळवला, त्याचं बिनवायरचं बोंडूक एका कानात घातलं आणि वरून केस ओढून घेतले.

काय बरं वाटलं म्हणून सांगू. षड्ज लागला आणि माझे पाय जमिनीला टेकले.

तिसऱ्या दिवशी एक लांबलचक गाणं चाललं होतं. वाद्य नसलं की मोठा गट गाता गाता थोडाथोडा खाली उतरतो, हे मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं की ही सगळी मंडळी बेसूर होताहेत. तशी मी आणखी जोरात गायले. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे सूर दुरुस्त केलेली बाई मी, माझंच घोडं दामटलं. सरांनी थांबवलं. पुन्हा गाऊन घेतलं, पुन्हा थांबवलं. मग आमच्या गटातल्या एकेकीला ऐकत माझ्यापर्यंत आले. मी माझा सूर दिला. त्यांनी चिमटा वाजवला. माझा सूर तंतोतंत होता.

"तुम्ही एकट्याच बरोबर आहात," ते म्हणाले, "आणि त्यानंच सगळं बिघडतंय."

हे कसं जमतं असं त्यांनी विचारलं, तेव्हा कानातली वस्तू काढून द्यावी लागली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी ती आपल्या कानाला लावली, बराच वेळ ऐकली आणि छान आहे म्हणाले. पण हे काढून गाता आलं तर शनिवारी उभ्या राहा, नाहीतर समोर बसून ऐका, असंही म्हणाले. आम्ही उतरलो तर तुम्हीही आमच्याबरोबर उतरा.

मला भयंकर राग आला. खरं गाणाऱ्यानं खोट्यांबरोबर का उतरायचं? दुपारी घरी फोन लावला. नणंद म्हणाली, "वहिनी, तुम्ही काहून रोज रोज फोन करून राहिल्या? दादा मस्त जेवले. अभी सो रहे हैं." माझ्यावाचून तिथे काही अडलं नव्हतं. ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण मला वाईट वाटलं.

पुढचे दोन दिवस मी तानपुऱ्याविना नुसती गटांगळ्या खात होते. शेजारी एक निवृत्त नर्स उभी असायची, तिच्या आवाजाला धरून चालत राहिले. शुक्रवारी शेवटचा लांब सूर आला. सूर तुटू द्यायचा नाही ही माझी शिकवण, म्हणून मी श्वासच घेतला नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली. नर्सनं बाही धरून मला खुर्चीत बसवलं.

"श्वास का नाही घेत?" ती म्हणाली. "तू थांबलीस की मी गाते, मी थांबले की तू. सगळ्यांनी एकदम थांबायचं नाही, एवढंच."

हे म्हणे त्यांच्याकडे पहिल्याच वर्षी शिकवतात.

शनिवारी मला उभं केलं. त्या लांब सुरावर मी मधेच थांबले, सावकाश श्वास घेतला, आणि सूर चालूच होता. मी नव्हते तरी होता. मग मी परत त्यात शिरले. मी तिथे उभी राहून रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

जबलपूरला पोचले तेव्हा नणंदेची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. संध्याकाळची गाडी होती तिची. चहा होतो न होतो तोच नवरा म्हणाले, "गा."

मी माझ्या गटाची चाल गायले. चाल कसली, तीन-चारच सूर, आणि मधे बोटांवर मात्रा मोजत गप्प राहायचं. ते माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते.

"बाकी?" त्यांनी विचारलं.

"एवढंच होतं माझ्याकडे," मी म्हटलं. "बाकीचं बाकीचे गातात."

त्यांनी मान हलवली. नणंद चपला शोधत होती.

"आणखी थोडे दिवस राहशील का?" मी तिला विचारलं. "मी खूप दमले आहे."

ती थांबली. "राहीन ना," ती म्हणाली. "बारा वर्षांत तुम्ही कधी म्हटलंच नाही, वहिनी."